छातीत मर्मर, घरात चिडायची बंदी

…आणि वर मलाच सांगतात, "तात्या, चिडायचं नाही!" अहो, पण मी चिडलो कुठे? मी फक्त एवढंच विचारलं, की आमटीत मीठ नाही ते नाही, निदान डाळ तरी आहे का? तर आमची दक्षा, म्हणजे बायको, लगेच ते बीपीचं मशीन घेऊन हजर! दंडाला पट्टा, फूस फूस फूस… एकशे अडतीस! "बघा, चिडलात!" अहो, जेवताना दंड आवळल्यावर माणूस काय गाणं म्हणेल?

तुम्हाला सांगतो, मला काही म्हणजे काही होत नव्हतं. एकसष्ट वर्षांचा माणूस, आशागडला स्वतःची चिकूची वाडी, भरलेला क्रेट खांद्यावर टाकून टेम्पोत चढवायचो, दम नाही, चक्कर नाही, काही नाही. माझं वाटोळं केलं ते मुकेशने. हा माझा मित्र, तलासरीला दुकान आहे, आणि समाजसेवेची हौस भारी. त्याने शाळेत आरोग्य शिबिर ठेवलेलं. मी आपला पाहुण्यांसाठी चिकू घेऊन गेलो, तर दहा वाजून गेले तरी एक पेशंट नाही! भातकापणीचे दिवस, कोण येतंय छाती दाखवायला? मुकेश रडकुंडीला आला. "तात्या, तमे बेसो ने! बसा ना तुम्हीच, बोहनी करा. एक बसला की दहा येतात."

म्हणजे बघा, लोकांना आजार होतो, मला बोहनी झाली!

डॉक्टर कोण, तर निधी म्हणून एक मुलगी, माझ्या पुतणीच्या वयाची. तिने डावीकडे नळी लावली, एक भुवई वर. उजवीकडे लावली, दोन्ही भुवया वर! "काका, पुढे वाका. श्वास पूर्ण सोडा. आता घेऊ नका." मी वाकलो, सोडला, घेतला नाही… ती ऐकतेय… मी लाल झालो… ती ऐकतेच आहे! आणि कुठे? उजवीकडे! मला ओरडून सांगायचं होतं, अगं बाई, हृदय त्या बाजूला नाही! पण सांगणार कसं, श्वास कुठे होता?

शेवटी म्हणाली, "मर्मर आहे."

"मर मर? कोणाला म्हणता हो तुम्ही?"

"काका, मर्मर म्हणजे हृदयातला जादा आवाज. असा आवाज बहुतेक वेळा डावीकडे जास्त येतो, तुमचा उजवीकडे जास्त येतोय. म्हणून मला नुसत्या झडपेची नाही, पाइपची शंका आहे."

पाइप म्हटल्यावर मी जरा सावरलो, पाइपातलं आपल्याला कळतं! मोटार चालू केली की जुना पाइप एका जागी फुगतो की नाही? तस्संच निघालं. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी सुरुवातीलाच फुगलेली, त्यामुळे झडप ताणलेली, ती नीट मिटत नाही, रक्त थोडं मागे गळतं, त्याचा तो आवाज. तो फुगा छातीत गप्प बसलेला, चुगली केली ती या मर्मरीने! डहाणूला सोनोग्राफी झाली, मग मशीनमध्ये आडवं घालून फोटो काढले. चार पॉइंट आठ सेंटिमीटर.

मी मुंबईच्या मोठ्या सर्जनला विचारलं, "मग कापायचा कधी?"

"साडेपाचला."

मी घड्याळ बघितलं. तो म्हणाला, "साडेपाच सेंटिमीटर झाला की. तोवर दर सहा महिन्यांनी मोजायचा. जड उचलायचं नाही, कुंथायचं नाही, ओरडायचं नाही, आणि चिडायचं नाही!"

म्हणजे अजून तयार नाही झाला, झाडावरच राहू द्या! अरे, तो काय चिकू आहे? माझ्या छातीत आहे ना तो!

पण खरी गोष्ट पुढेच. निधीकडे रिपोर्ट दाखवायला गेलो, तर तिने सहज विचारलं, "घरात कोणी अचानक गेलं होतं का?"

मी गप्प. मी गप्प बसलो की दक्षा घाबरते, तिने पर्समधून मशीन काढलंच.

बाबा गेले होते. बारा वर्षं झाली. सकाळी वाडीत माझी आणि त्यांची कडाक्याची जुंपली, कशावरून, तर फवारणी आज की उद्या! मी तोंडाला येईल ते बोललो. ते वळले, चार पावलं गेले, म्हणाले, "अरे, पाठीत कोणी कोयता मारला…" आणि बसले ते बसलेच. कोणी म्हणालं वारं लागलं, कोणी म्हणालं बाहेरचं. आणि तेराव्याला, सगळ्यांच्या समोर, माझा धाकटा भाऊ चिमण म्हणाला, "तुझ्या तोंडाने गेले बाबा." त्या दिवसापासून तो कैनाडला, मी आशागडला, बोलणं बंद.

मी निधीला विचारलं, "भांडणाने होतं का हे?"

"नाही काका, फुगा वर्षानुवर्षं हळूहळू वाढतो. बऱ्याच घरांत तो रक्तातच असतो."

"पण फुटला त्या दिवशी?"

ती नळी गुंडाळायला लागली. म्हणाली, "ते कोणीच सांगू शकत नाही. तुमच्या भावाला मात्र तपासून घ्यायला सांगा."

झालं! आता जा कैनाडला! आणि जाताना काय बजावलं? चिडायचं नाही! चिमणसमोर!

गेलो. दक्षाही बरोबर. चिमण ओट्यावर ढोबळी मिरची क्रेटमध्ये भरत होता. वर बघेल तर शपथ! म्हणाला, "वहिनी, यांना विचारा, इकडे कुठे वाट चुकले?"

मी म्हटलं, "दक्षा, त्याला सांग, छाती तपासून घे."

"वहिनी, यांना सांगा, माझी छाती मजबूत आहे. स्वतःची सांभाळा म्हणावं."

"दक्षा, या गाढवाला सांग…"

"चिडायचं नाही!" दक्षा मध्ये, मशीन हातात, फूस फूस फूस… माझा दंड तिच्या ताब्यात, पुढे मिरच्या, मिरच्यांच्या मागे भाऊ. असं भांडण कधी बघितलंत का हो तुम्ही?

शेवटी पट्ट्यासकट पुढे झालो आणि बारा वर्षांनी त्याचं नाव घेतलं. "चिमण, बाबा कोयता म्हणाले होते, तो हाच होता रे. मला आहे, तुलाही असेल. माझ्यावर आयुष्यभर राग धर, पण तो धरायला जिवंत तरी राहा."

तो एक मिरची हातात घेऊन नुसता बसून राहिला.

चौथ्या दिवशी त्याच्या बायकोचा फोन. पाच पॉइंट नऊ! बघा, लहानपणापासून हा असाच, प्रत्येक बाबतीत माझ्या पुढे!

हसलो मी तेव्हा. मग सर्जनचं ते साडेपाच आठवलं, आणि तडक मुंबईला फोन लावला. 

आठ दिवसांत मुंबईला ऑपरेशन. सहा तास. मी बाहेर बाकड्यावर. पहिल्या तासात दक्षाने तीनदा बीपी मोजलं. मग चौथ्यांदा माझ्याकडे बघितलं, पट्टा गुंडाळून पिशवीत ठेवला आणि म्हणाली, "राहू दे आज." तुम्हाला सांगतो, घाबरलो तो तेव्हा.

वाचला. नवा पाइप, धातूची झडप, शांत खोलीत बसला की छातीत टिक टिक ऐकू येतं. तीन महिन्यांत ठणठणीत! गडी वाडीभर हिंडतो, गड्यांवर ओरडतो, मनसोक्त चिडतो. आणि मी? माझं परवा मोजलं. चार पॉइंट आठ. तेवढंच! सगळ्यांनी पेढे वाटले. "पुन्हा सहा महिन्यांनी या, आणि तात्या, चिडायचं नाही!"

तर गेल्या सोमवारी चिमण आमच्याकडे आला. खुर्चीत बसला, टिक टिक टिक… मान खाली. म्हणाला, "दादा, बाबा तुझ्यामुळे…"

माझं मशीन एकशे चौसष्ट!

दक्षा उठली. "भावजी, आजच्यापुरतं बस झालं. बाकीचं उद्या." आणि चक्क बाहेर काढलं त्याला! अहो, वाक्य अर्धं! बाबा तुझ्यामुळे… काय? बारा वर्षं ऐकलेलंच परत, की दुसरं काही? ते चोवीस तास मी कसे काढले, माझं मला माहीत.

मंगळवारी आला. उभ्या उभ्याच म्हणाला, "…नाही गेले." आणि बसला.

आता मला सांगा, या माणसासाठी बारा वर्षं मी उत्तर घोटून ठेवलंय! चांगलं अर्ध्या तासाचं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाठ. पण दक्षाने आधीच बजावलं, दोन वाक्यं बोला, आवाज न चढवता, आणि शिव्या नकोत. मी मनातल्या मनात शिव्या गाळायला बसलो. गाळतोय, गाळतोय… तो समोर टिक टिक करतोय… आणि सगळ्या शिव्या गाळून झाल्यावर त्या अर्ध्या तासातनं उरलं काय, तर, "चहा घेतोस?"

तेवढंच म्हणालो. काय करणार?