गरम गाठ

(पेणचा बाजार. सुक्या मासळीच्या ओळीत दोन जावा. थोरली उभी, धाकटी टोपली मांडून बसलेली.)

धोंडुबाई : ऊठ म्हणत नाय गो. जरा सरक म्हणते.

ठमाबाई : बाय, ही जागा तू मला दिलीस. चार बायकांच्या देखत बोललीस, मी काय आता परत यायची नाय, ठमे, तू बस.

धोंडुबाई : बोलले. तवा गळ्यातली गाठ कॅन्सरची वाटत होती.

ठमाबाई : आन् आता?

धोंडुबाई : नाय निघाली. मुंबईला हातात औषधाची सुई दिली, मग मशिनखाली उताणी निजवली. ते औषध गळ्यात जातं आन् मशिन त्याचा फोटो काढतं. फोटोत गाठ निखाऱ्यावानी, बाकीचा गळा काळा. मी म्हटलं, संपलं! तर डॉक्टरीणबाय हसली.

ठमाबाई : हसली?

धोंडुबाई : म्हणाली, ही गरम गाठ. सगळं औषध हिनंच ओढलं. असली गाठ बहुतेक साधी असते. थंड दिसली असती, तर आत सुई घालून तपासायला लागली असती.

ठमाबाई : म्हणजे थंड ती कॅन्सरची?

धोंडुबाई : मी पण तेच विचारलं. तर नाय म्हणाली, थंडातल्याही पुष्कळ साध्याच निघतात, पण बघावं लागतं. माझी ही नको तेवढं काम करते, म्हणून छातीत धडधड आन् मी अशी वाळलेली. गोळ्या दिल्यात.

ठमाबाई : बरं झालं.

धोंडुबाई : तोंडानं बरं म्हणतेस आन् टोपली काय हलवत नायस.

ठमाबाई : कशी हलवू? हे गेल्यापासून धरमतरला मिठाच्या पाट्या वाहिल्या. पायाला भेगा, भेगांत मीठ. इथं बसायला लागले तवा कुठं भरल्या. परत मिठात उतरू?

धोंडुबाई : मी जिती आले, ठमे. त्याचा राग धरतेस?

ठमाबाई : तुझा राग नाय. काल माझा चंदर सांगत आला, काकी बरी हाय. पयला विचार आला तो जागेचा. तू कशी हायस, हे विचारायचं सुचलंच नाय मला.

धोंडुबाई : जवळा तू वीक. बोंबील मी आणीन. दोघी मावू.

ठमाबाई : जवळ्याला गिऱ्हाईक जास्त, बाय.

धोंडुबाई : ठाऊक हाय मला. आन् ते विचारायचं राह्यलं म्हणतेस, तर आता विचार.

ठमाबाई : दुखतं का गो गळ्यात?

धोंडुबाई : नाय. सरक, बसू दे.