सगळं जरा-जराच आहे

सन्माननीय अध्यक्ष महाशय, व्यासपीठावर विराजमान झालेले संचालक, आजचे सत्कारमूर्ती, म्हणजे आमचे हे, आणि समोर बसलेल्या बंधुभगिनींनो,

निवृत्त होणाऱ्या सत्कारमूर्तींच्या पत्नीने दोन शब्द बोलावेत असा आग्रह झाला. आमचा संसार दोन शब्दांत मावणारा नाही, तेव्हा थोडं सोसून घ्या.

मघापासून ह्यांच्या निष्ठेचं कौतुक ऐकते आहे. हिशेब खात्यात हे खुर्ची सोडून उठलेच नाहीत म्हणे. अगदी खरं. एका मजल्यासाठी लिफ्ट, जेवण टेबलावरच, साखर किती हे चहावाल्याला सांगायची सोय नाही आणि कुणाचाच वाढदिवस नाही असा आठवडा या कचेरीत उगवत नाही. याला आपण निष्ठा म्हणता? म्हणा बापडे.

काही वर्षांपूर्वी कंपनीने सगळ्यांची तपासणी करवली. हे घरी येऊन म्हणाले, "सगळं जरा-जराच आहे गं. रक्तदाब जरा वर, साखर जरा वर, चरबी जरा वर." जणू सगळ्या विषयांत पास झाले होते! मी शिवणकाम करते. आणखी एक 'जरा' मला ठाऊक होता, कारण ह्यांच्या पँटी मीच सैल करत होते. शेवटी शिवणीत कापडच उरलं नाही. तेव्हा ह्यांनी काय करावं? इलॅस्टिकच्या पँटी आणल्या!

मी ह्यांना ओढत डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, "एकेक पाहिलं तर किरकोळ. पण सगळे एकाच शरीरात मुक्कामाला आले, की हृदयविकाराचा आणि मधुमेहाचा धोका फार वाढतो. याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. चालायला लागा, खाणं आवरा, सिगारेट सोडा, वेळेवर झोपा, लागतील त्या गोळ्या घ्या. अजून वेळ गेलेली नाही."

ह्यांनी भोळेपणाने ते नाव कचेरीत सांगितलं. आपण विद्वान मंडळींनी ते ह्यांनाच चिकटवलं. 'सिंड्रोमशेठ'! डब्यातली काकडी पाहून "वहिनींनी ससा पाळलाय वाटतं," असंही कुणी म्हणालं. केवढी ही प्रतिभा! सगळे हसले. हेही हसले. आणि माझा डबा भरलेलाच घरी येऊ लागला.

मग ती बैठक झाली. ह्यांना दरदरून घाम फुटला, छातीवर दडपण आलं, जबडा दुखू लागला. कुणीतरी "पित्त असेल" म्हणून सोडा पाजला. आणि अध्यक्ष महाशय, आपण म्हणालात, "एवढा मुद्दा संपवून घेऊ." हे मला ह्यांनीच सांगितलं, तेही तुमची बाजू घेत! मुद्दा संपला, हे जमिनीवर कोसळले, मग इस्पितळाची गाडी आली. हृदयाचा एक तुकडा कायमचा निकामी झाला. उशीर झाला, असं तिथल्या डॉक्टरांनी मला तोंडावर सांगितलं.

आता हे चालतात. सुरुवातीला फाटकापर्यंत जाऊन भिंतीला टेकायचे. एकदा तिथेच माझा हात धरून म्हणाले, "अगं, मला भीती वाटते." एवढ्या वर्षांच्या संसारात हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. मीही भिंतीला टेकून उभी राहिले.

आणि मघाशी आपण जाहीर केलंत, की हे सल्लागार म्हणून रोज येत राहतील. टाळ्याही पडल्या. ह्यांना कुणी विचारलं? नसेल, तर मी विचारते. अहो, येणार आहात का तुम्ही?

काय? जरा मोठ्यानं बोला, मागच्यांना ऐकू येत नाही.

"नाही."

ऐकलंत? माझ्यासमोर साहेबांना नाही म्हणताना हे आज प्रथमच दिसले. आता वाजवा टाळ्या.

आयोजकांचे मनापासून आभार. तीन थरांच्या केकचेही आभार. तो आपणच संपवा. ह्यांच्या जागी येणारे भाऊजी पुढच्या रांगेत आहेत. भाऊजी, तुमचं अभिनंदन. शेजारी वहिनी मघापासून तुमच्या शर्टाच्या ताणलेल्या बटणांकडे बघत बसल्या आहेत. आज घरी पायी जा, आणि वाटेत त्या काय म्हणतात ते ऐका.

बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर मोठ्या मनाने क्षमा करावी. येते मी. उठा हो, आपल्याला जिन्यानं उतरायचंय. सावकाश.