शांताची रेष सरकली तो दिवस

मंडळी, तुमी तांड्यावरून आलात, हट्ट्याहून आलात, पार पुण्याहून आलात. मागल्या पंधरवड्यात काविळीनं शांताला नेलं. धाकट्या बहिणीच्या शोकसभेत भावानं काय बोलावं? सुचत न्हाई. पण रडायचं माझं झालंय. मला एका दिवसाचं सांगू द्या. आजबी अंगावर काटा येतो!

शांता रेडिओ दुर्बिणीवर काम करायची. नव्यानं जन्मलेल्या मोठाल्या ताऱ्यांचे पुंजके शोधायची. हे तारे धुळीत दडलेले. साध्या दुर्बिणीला तिथं नुसता काळोख. पण भोवतालच्या तापल्या वायूतून रेडिओ लहरी निघतात, अन् त्या धुळीतून पार होतात.

दोन हजार सालाच्या आसपास तिला अशाच एका वायूची बारीक रेष सापडली, म्हंजी रेडिओच्या आलेखात एका ठरावीक जागी उठणारा उंचवटा. त्यावरून तिनं ताडलं, ज्या वायूतून तारे जन्मले, त्यालाच ते बाहेर लोटून राहिले होते!

तिचे साहेब म्हणाले, "ही आकाशातली रेष नाही. जवळच्या कुठल्यातरी यंत्राची खरखर असेल."

दोन वर्षांची मेहनत, मंडळी! पण शांता भांडली न्हाई. म्हणाली, "सर, सहा महिने थांबू. तोवर पृथ्वी सूर्याच्या पलीकडं जाईल, अन् आज त्या ताऱ्यांकडं धावतेय ती उलटी धावेल. रेष आकाशातली असेल तर जागा सोडेल. यंत्राची असेल तर तिथंच राहील."

सहा महिन्यांनी मी तूरडाळ घेऊन तिच्याकडं गेलो. भर दुपार. साहेबबी तिथंच बसलेले.

"शांते, दिवसा तारे काहून बघून राहिली?"

"दादा, रेडिओला ऊन आडवं येत न्हाई."

पडद्यावर नुसती खरखर. एक तास. दोन तास. मग मधूनच एक उंचवटा वर आला. शांतानं सहा महिन्यांपूर्वीच्या रेषेचा कागद पडद्याला लावला. रेष सरकली होती! कुठवर सरकेल याची तिनं आधीच पेन्सिलीनं खूण केलेली, बराबर तिथंच!

साहेब उठून उभे राहिले. "शांता, मी चुकलो."

मला त्यातलं काय कळत होतं? पण मीच सगळ्यात मोठ्यानं ओरडलो, "सरकली! सरकली!"

ती जायच्या आदल्या दिवशी दवाखान्यात साहेब तिला भेटायला आले. म्हणाले, "शांता, दुसऱ्या पुंजक्यातही वायू बाहेर जातोय." तिला मान उचलवत नव्हती. तरी कोपरावर उठली अन् विचारलं, "किती वेगानं?"

मी ऐकलेलं तिचं शेवटचं बोलणं हेच.

उठा मंडळी. दोन मिनिटं कुणीच काही बोलू नका.

शांते, राम राम.