खुर्चीवरून पापलेट

गुडघा बदलायच्या दिवशी नलिनीताई रुग्णालयात उपाशीपोटी आपल्या पाळीची वाट पाहत होत्या. शेजारी गुडघ्यासाठीच आलेली वेसाव्याची कोळीण सोनूबाई सुनेशी बोलत होती.

"कल्पिता, भूल उतरल्यावर काय गं?"

"संध्याकाळी धरून चालवतात, आई."

"चालीन गं. बाजारात खाली बसू कशी?"

"खाली नाही बसायचं आता. खुर्ची घेऊ."

"खुर्चीवरून मासळी कोण विकतं? सरळ सांग ना, जागा तुला पायजे!"

"मी खाली बसून कापीन. भाव तुम्हीच सांगा."

"गिऱ्हाईक ऐकंल माझं?"

"सगळा बाजार ऐकतो!"

तेवढ्यात सोनूबाईला आत न्यायला चाकांची खुर्ची आली. ती खुर्चीत बसली, ताठ झाली आणि नलिनीताईंकडे वळून ओरडली, "ये ताई, पापलेट घे, ताजा हाय!"

"कसा दिलास गं?" जुन्या सवयीनं नलिनीताईंच्या तोंडून गेलं.