ओंकारच्या रॉकमधले बुवा

आमच्या रहाटणीच्या सोसायटीतला ओंकार माहितीये ना? तळवड्यात आयटीची नोकरी आणि सुट्टीला रॉक बँड. त्याची स्वतःची गाणी ऐकून मी एकदा म्हणालो, "ओंकार, तुझ्या गाण्यात शेजारच्या देवळातले भजनी बुवा ऐकू येतात रे. शेवटची ओळ घोळवत लय वाढवत न्यायची, ही त्यांचीच खोड."

पोरगा भडकलाच. "काहीही काय, काका! मी आयुष्यात भजन ऐकलेलं नाही."

"तुझ्या बेडरूमची खिडकी देवळावर उघडते. लहानपणापासून दर गुरुवारी काय ऐकत झोपलास मग?"

तो तोंड फिरवून निघून गेला.

गणपतीत त्याचा पहिला कार्यक्रम ठरला. वडिलांनी आधीच बजावलं होतं, लोकांना आवडलं तर ठीक, नाहीतर गिटार माळ्यावर. पुढच्या रांगेत गावची जुनी मंडळी, मधोमध खुद्द बुवा. शेवटच्या गाण्याला ओंकारनं डोळे मिटून लय वाढवली आणि झालं! भजनात लय अशी चढली की पुढे आरतीच असते. अख्खी रांग चपला काढून उभी राहिली, टाळ्यांचा ठेका धरला. त्यांना बघून मागचेही उठले.

ओंकार डोळे पुसत खाली उतरला. "पाहिलंत काका? सगळा मांडव उभा राहिला! बाबासुद्धा!"

मी काही बोलणार, तेवढ्यात बुवांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "झ्याक म्हटलंस लेकरा. आता परसाद कुठं हाय?"