पेस्टमध्ये पाणी

काकी, रेश्मा वहिनी, सोसायटीतली मंडळी आणि आमच्या अंधेरीच्या लॅबमधले सगळे,

एवढी माणसं आलीत, बघून बरं वाटलं. मला बोलता येत नाही. लॅबमध्येसुद्धा चार लोकांपुढे बोलायचं असलं की मी मंगेशला पुढे ढकलायचे. आज ढकलायला तो नाही.

मी सुनीता. मंगेशच्या शेजारच्या टेबलावर काम करते. आम्ही शाम्पू बनवतो. कारखान्यात मोठी बॅच लागण्याआधी आमच्याकडच्या लहान टाकीत करून बघतो.

मघाशी इथे जे बोलले, ते सगळे म्हणाले की मंगेशने तब्येतीची हेळसांड केली. वहिनींनी हृदयाच्या डॉक्टरांची वेळ घेतली होती, आणि हा गेलाच नाही. ते ऐकून वहिनींनी मान खाली घातली. मी बघितलं. म्हणून उठले.

वहिनी, तो निघाला होता. गेटपर्यंत गेला होता. मी त्याला परत बोलावलं.

आता थोडं कामाचं सांगते. त्याशिवाय माझी चूक तुम्हाला कळायची नाही.

शाम्पू एका घट्ट पेस्टपासून बनतो. तिच्या प्रत्येक कणाला एक डोकं असतं आणि एक शेपूट. डोक्याला पाणी हवं, शेपटीला पाण्याचं वावडं. म्हणून पाण्यात हे कण आपले आपणच जमतात, कुणाला रचावे लागत नाहीत. मंगेश हे सांगायला लागला की थांबायचा नाही! कण थोडे असले की त्यांचे गोळे होतात, शेपट्या आत, डोकी बाहेर. गोळे पाण्यात सुखाने फिरतात. कण खूप झाले की थरावर थर बसतात, पापडाच्या चळतीसारखे. थर एकमेकांवरून सरकतात, म्हणून पेस्टही ओतता येते. पण या दोन्हींच्या मधे? मधे त्यांच्या लांब कांड्या होतात, आणि त्या उदबत्तीच्या पुड्यासारख्या एकमेकींना खेटून बसतात. मग काही म्हणजे काही हलत नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली मात्र ते फार सुंदर दिसतं. रंगीत पंखे उघडल्यासारखं. मंगेशने ते कुणाला दाखवलं नाही? कुरियरवाल्याला दाखवलं. काकी, तुम्हाला तर तुमच्या लेकाने मुद्दाम लॅबमध्ये आणलं होतं. तुम्ही म्हणालात, "ह्यां तर माशाच्या खवल्यासारख्यां दिसता रे!" पुढे कितीतरी दिवस तो आम्हाला "खवलं बघायला चला" म्हणत होता.

वरणात पाणी घातलं की वरण पातळ होतं. या पेस्टमध्ये पाणी घातलं की वाटेत त्या कांड्या लागतात, आणि ती आधी दगड होते. म्हणून आमच्याकडे पहिल्याच दिवशी शिकवतात: पाण्यात पेस्ट, थोडी थोडी. पेस्टमध्ये पाणी कधीच नाही.

त्या गुरुवारी मी पेस्टमध्ये पाणी सोडलं.

मला माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं. मुलुंडला भाचीचं केळवण होतं, मला लवकर पळायचं होतं. पेस्ट आधीच टाकीत पडली होती. म्हटलं, होईल काहीतरी. काय होणार होतं? ढवळणारा पंखा अडकला. मोटर ओरडायला लागली.

मंगेश नुकताच बॅग घेऊन गेला होता. जाताना सांगूनही गेला होता, "आज डॉक्टर. रेश्मा सोडणार नाही." हे ऐकूनसुद्धा मी फोन केला. "मंग्या, वाट लागली रे. टाकी जाम झाली."

तो आला. टाकीत डोकावला, हसला. म्हणाला, "तू जा गं. भाची वाट बघत असेल. मी बघतो."

तेवढ्यात वहिनी, तुमचा फोन आला. तो म्हणाला, "काम निघालंय, उद्या जातो." माझं नाव घेतलं नाही त्याने. मी तिथेच उभी होते. मीही काही बोलले नाही.

आणि मी गेले. केळवणात पुरणपोळी खाल्ली. मी जेवत असताना त्याचा फोन आला. "सगळं पाणी घातलंय. आता कुणी ढवळू नका, हवा भरेल. सकाळपर्यंत ते आपलं आपण सुटेल. तू जेवलीस ना?" मी म्हटलं, हो. तू डॉक्टरकडे गेलास का, एवढं साधं मी विचारलं नाही.

सकाळी मी टाकीचं झाकण उघडलं. एक गुठळी नव्हती. एवढा आनंद झाला मला, की लगेच त्याला फोन लावला. फोन उचलल्याबरोबर ओरडले, "मंग्या, टाकी सुटली रे!"

पलीकडे वहिनी होत्या. तो तासाभरापूर्वी गेला होता.

वहिनी, मला माफ करा असं मी म्हणणार नाही. ते मागायचा मला हक्क नाही. एवढंच सांगते, त्याने तुमचं ऐकलं होतं. तुमच्या शब्दाखातर तो निघाला होता. त्याच्यावर रागवू नका. राग माझ्यावर काढा. तो राग माझ्याच वाट्याचा आहे.

आता आपण थोडा वेळ शांत बसू या. कुणी उभं राहू नका, काकींना त्रास होतो. कुणी कुणाची समजूतही घालू नका. नुसतं बसू या.

मंग्या, टाकी सुटली रे. तुला सांगायचं राहिलं होतं.