राजाच्या कानामागचा मळ

नाही, पण मला एक सांगा, घाण काढणं हा गुन्हा आहे का? ती म्युझियममधली बाई माझ्याकडे अशी बघायला लागली, अशी बघायला लागली, जसा काही मी भर दुपारी कुणाचा गळाच कापून आलोय! हातात पांढरे मोजे, डोळ्यावर चष्मा, चष्म्यावर आणखी एक भिंग, चिमटीत ते नाणं... आणि विचारते काय, "आजोबा, हे कोणी केलं?" कोणी केलं म्हणजे? मी केलं! चांगलं छाती पुढे काढून सांगितलं हो. मला वाटलं, बाई कौतुकच करतायत. चकाकतच होतं तसं! टेबलावरचा दिवा त्यात दिसत होता, बाईंचा चष्मा दिसत होता, शेजारी बसलेल्या माझ्या मेव्हण्याची मिशी दिसत होती, तीसुद्धा केस न् केस मोजून घ्यावा अशी... आणि बाईंनी कपाळाला हात लावला.

थांबा, पहिल्यापासून सांगतो. घाई नाही ना कुणाला?

नाणं माझं नव्हे, आमच्या हिचं. हिच्या वडिलांनी दिलेलं. माझे सासरे खोदकामावर जायचे. कुठल्याशा इमारतीचा पाया खणताना पुरुषभर खोल मातीत त्यांना ते सापडलं, आणि लेक सासरी निघाली तेव्हा त्यांनी तिच्या मुठीत दाबलं. तांब्याचं, चांगलं जाड, एका बाजूला लांब नाकाचा राजा, दुसऱ्या बाजूला होडी, आणि भोवती कुठल्या जगातली अक्षरं देव जाणे. मला आपलीच अक्षरं येत नाहीत, त्यामुळे मला सगळी सारखीच! सासरे म्हणायचे, "हजार वर्षांपूर्वीचं आहे पोरी, सांभाळ." आता खरं सांगायचं तर सासऱ्यांना रंगवून सांगायची सवय होती. साधा पाय मुरगळला तरी त्या गोष्टीत किमान एक वाघ यायचा. म्हणून त्यांचा मुलगा, म्हणजे हा माझा मेव्हणा, जन्मभर म्हणत आला, "बाबांना कुणीतरी बाजारात गंडवलं, आणि बाबांनी ताईला." ही ऐकून घ्यायची. पण मध्यंतरी त्याच्या नव्या घरात सगळी माणसं जमली, सुना, जावई, व्याही, आणि त्या सगळ्यांपुढे हा हसत हसत म्हणाला, "आमचे बाबा म्हणजे एक नंबरचे थापाडे! काय दाजी, खरं की नाही?" मी काय बोलणार? मी गप्प. गप्प बसायला काही शाळा लागत नाही.

ही मात्र उठली. ताटातलं तसंच टाकून उठली हो! म्हणाली, "सोमवारी म्युझियममध्ये जायचं. खोटं निघालं तर बाबांचं नाव पुन्हा काढणार नाही मी. आणि खरं निघालं तर ह्याच सगळ्यांना गोळा करून, उभं राहून सांगायचंस, माझे बाबा खोटं बोलत नव्हते." मेव्हणा म्हणाला, "मंजूर!" आणि घरी आल्यावर दोन दिवस ही माझ्याशी बोलली नाही. का, तर मी गप्प बसलो म्हणून! आता बोला!

म्हणजे माझ्या मनात एकच, हिच्यासाठी काहीतरी करावं. आणि मला येतं काय? घासायला! बेचाळीस वर्षं पॉलिशच्या कारखान्यात काढली मी. दाराच्या कड्या, नळ, जिन्यांचे कठडे, बँडवाल्यांची वाद्यं... काळं ठिक्कर यायचं, सोनं होऊन जायचं. आमचे मालक काम तपासायला पांढरा रुमाल घेऊन यायचे. रुमाल फिरवायचे, डाग पडला की माल परत. माझा माल एकदा परत आला नाही, एकदा! तर रविवारी दुपारी ही जरा लवंडली, आणि मी ते नाणं काढलं. काय त्याची अवस्था! हिरवं, काळं, जागोजागी खपल्या धरलेल्या, राजाचं तोंड असं की बिचाऱ्याला देवी येऊन गेल्यात. मी म्हटलं, अरे, उद्या एवढ्या शिकल्यासवरल्या माणसांपुढे जायचंय, असा जाणार तू? आधी लिंबू-मीठ, मग बारीक पूड, मग लोकरीचं फडकं... दोन तास! घाई नाही, चिडचिड नाही. पहिल्यांदा नाक उघडं पडलं, मग हनुवटी, मग होडीची वल्ही. कडासुद्धा सोडली नाही, कडेला बारीकशी रेघ लागत होती बोटाला, तीही साफ! मग स्वच्छ कपड्यात गुंडाळून खिशात. हिला काही बोललो नाही. म्हटलं, तिथंच बघू दे, खूश होईल.

झाली ना! बाईंच्या टेबलावर मी पुडी सोडली, आणि ही म्हणते, "अहो... हे आपलं आहे?"

मेव्हणा तर खुर्चीतून खाली पडायचा बाकी राहिला. "दाजी! हे तर काल बाजारातून आणल्यासारखं दिसतंय!"

मग बाईंनी मला समजावलं. चांगल्या होत्या हो, रागावल्या पण आवाज नाही चढवला. "आजोबा, ती घाण नव्हती. तो थर होता. शेकडो वर्षं जमिनीत राहून धातूतूनच उगवलेला. नाणं खरं का खोटं, ते त्या थरावरून तर कळतं." मी म्हटलं, अस्सं. मग म्हणाल्या, "बरं, कडेला रेघ होती का? साच्यात ओतलेल्या खोट्या नाण्याला कडेला शिवण असते." मी म्हटलं, "रेघ होती बाई." "कशी होती? सलग, की तुटक?" आता मी काय सांगू? मी म्हटलं, "जशी होती तशी आता नाही." मेव्हणा म्हणाला, "वा! पुरावाच धुऊन आणला!" हिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळायला घेतलं. गुंडाळायचं, सोडायचं, गुंडाळायचं, सोडायचं... मला माहीत आहे ना ते! हिचे वडील गेले त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर बसून हेच करत होती. मी तरी काय बोलणार? मी गप्प. गप्प बसायला काही शाळा लागत नाही, पण त्या खुर्चीवर बसून गप्प राहणं म्हणजे, तुम्हाला सांगतो, अंगाला काटे फुटत होते!

बाईंनी नाणं तोललं. एका आकडा दाखवणाऱ्या काट्यावर. म्हणाल्या, "वजन बरोबर आहे, पण तुम्ही किती घासलंय कोण जाणे." मग भिंग लावून एकेक इंच... इंच कसला, एकेक कण बघायला लागल्या. नाक बघितलं. होडी बघितली. अक्षरं बघितली. मान हलवतायत, हलवतायत, आणि मधेच थांबल्या. "हे काय?"

मी दचकलो. म्हटलं, काय?

"इथं, कानामागे. हिरवं आहे."

अहो, माझा विश्वास बसेना! म्हटलं, शक्यच नाही, मी घासलंय! बाईंनी मला भिंगातून दाखवलं. खरंच हो. राजाच्या कानाच्या पाळीमागे, मोहरीच्या निम्म्यानं असेल, हिरवा ठिपका. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं! हात आपोआप फडक्याकडे गेला, तशा बाई ओरडल्या, "हात लावू नका!"

मग त्यांनी कापसाचा बोळा औषधात बुडवला. म्हणाल्या, "खोट्या नाण्याला हिरवा रंग फासतात. तो असेल तर ह्यानं लगेच सुटेल. खरा थर असेल तर हलणार नाही." आणि त्या ठिपक्यावरून बोळा फिरवायला लागल्या, हळूच, अगदी बाळाचं नाक पुसावं तसा. ही श्वास रोखून. मेव्हणा मिशी चावतोय. आणि मी... काय सांगू तुम्हाला, जन्मभर मी एकच मागणं मागितलं होतं, की देवा, मळ निघू दे! आणि त्या दिवशी डोळे मिटून म्हणत होतो, चिकटून राहा रे बाबा, तुझ्या पाया पडतो, निघू नकोस!

बाईंनी बोळा वर धरला. पांढरा शुभ्र!

पुन्हा भिंग लावलं. "हिरव्याखाली लाल थर आहे आजोबा. हा असा रंगवून आणता येत नाही. आणि कानाजवळचा उठाव धारदार आहे, ठोकून काढलेला, ओतलेला नव्हे. तुमची ती कडेची रेघ कसलीही असो, नाणं खरं आहे." आणि हसून म्हणाल्या, "नशीब तुमचं, इथं तुमचा हात चुकला!"

हिच्या डोळ्यांतनं घळाघळा पाणी. मेव्हण्यानं मान खाली घातली, आणि हळूच म्हणाला, "ताई... पायाच खणत होते ना गं बाबा तेव्हा?" आणि पुढच्या रविवारी सगळ्यांना बोलावून, उभं राहून बोलला, हं! शब्दाला जागला. म्हणाला, "आमचे बाबा खोटं बोलत नव्हते." मग जरा थांबून म्हणाला, "वाघाचं तेवढं सोडून." ही पदर तोंडाला लावून किती हसली!

झालं, सगळं गोड झालं. पण म्युझियमनं आम्हाला कागद दिला. शिक्का मारून, सही करून. मी म्हटलं, वाच बाई, काय लिहिलंय? हिनं वाचलं, "नाणे अस्सल. अवस्था वाईट. अकुशल हाताने घासलेले. साफसफाई अपुरी राहिल्याने कानामागे मूळ थर शिल्लक."

अकुशल! अपुरी! बेचाळीस वर्षांत माझ्या कामाबद्दल कुणी एक ओळ लिहून दिली नव्हती, आणि पहिली लिहून दिली ती ही! मी हिला म्हटलं, "अगं, त्या बाईंना सांगून तेवढ्या दोन ओळी खोडून घेता येतील का?" तर ही म्हणते, "खोडायच्या? त्या दोन ओळींमुळेच तर माझे बाबा खरे ठरले!"

फ्रेम केलाय हो तो कागद. दारातून आलं की समोरच भिंतीवर. येणारा प्रत्येक जण थांबून मोठ्यानं वाचतो.

काच तेवढी रोज मी पुसतो.